धाकटीची तारीख

फुंगयीला तज्ज्ञ डॉक्टरांची तारीख मिळाली ती पुढल्या वर्षीचा हिवाळा उलटल्यानंतरची. तेव्हा तिला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. सरकारी इस्पितळात संधिवाताच्या तज्ज्ञाला दाखवायचं म्हणजे थांबावं लागणारच. तिच्या मजल्यावरच्या एका म्हातारीला डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख येईपर्यंत दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकला होता. हाँगकाँगमध्ये वाढलेल्या बाईला रांगेचं काय कौतुक? घराला रांग, शाळेला रांग, स्मशानात अस्थी ठेवायच्या कोनाड्यालासुद्धा रांग. ब्रिटिश आपलं निशाण गुंडाळून गेले, पण रांगा तेवढ्या मागे ठेवून गेले. फुंगयीने तारखेची चिठ्ठी फ्रिजच्या दारावर लावली आणि ती कामाला गेली.

तिला वाटायला लागलं ते चार महिन्यांनी. धाकट्या बहिणीला, आ-लानला, त्याच रोगासाठी, त्याच इस्पितळात, त्याच विभागात आठ दिवसांनंतरची तारीख मिळाली तेव्हा.

ही बातमी लानने रविवारी सकाळी चहाघरात दिली. दोघी बहिणी दर रविवारी तिथेच भेटत. वाफेच्या टोपल्यांनी भरलेल्या गाड्या टेबलांमधून फिरत होत्या, म्हातारे वर्तमानपत्रं पसरून बसले होते. लानने कोंबडीचा पाय चोखून हाड बशीत टाकलं आणि म्हणाली, "अगं ताई, मला पुढच्या सोमवारी बोलावलंय."

"कुठे?"

"तुझ्याच लांडग्याच्या डॉक्टरकडे."

डॉक्टर त्या रोगाला ल्युपस म्हणत. पण त्याच्या चिनी नावात लांडगा होता, चावा घेतल्यासारखे लाल चट्टे उठतात म्हणून, आणि घरात सगळे त्याला लांडगाच म्हणत. फुंगयीचा लांडगा मागच्या हिवाळ्यात आला. आधी त्याने बोटं धरली, मग गुडघे, मग नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लाली पसरली. लानचा अगदी अलीकडे, उन्हाळ्याच्या तोंडाला. एका आईच्या दोन लेकींना हा रोग व्हावा, याचं डॉक्टरांना नवल वाटलं नव्हतं. फुंगयीला मात्र वाटलं होतं, हिला माझं म्हणून काही एकटीचं राहूच द्यायचं नाही.

"पुढच्या सोमवारी म्हणजे, उद्या सोडून पुढच्या?"

"हो ना. बाईंनी कागद बघितला आणि लगेच तारीख दिली."

"कुणाच्या ओळखीने?"

"ओळख कसली! ताई, मी मासे विकते. माझ्या ओळखीत फक्त मासे. त्यातलेही निम्मे मेलेले."

"आणि कितचा भाचा? तो तिथेच कामाला आहे ना?" कित म्हणजे लानचा नवरा. सीमेपलीकडे ट्रक घेऊन जायचा, आठवड्यातले चार दिवस घराबाहेर.

"भाचा जेवणाच्या गाड्या ढकलतो. त्याच्या ओळखीने फार तर वाडगाभर पेज जास्त मिळेल. तारीख कुठली?"

लानने किटली उचलून बहिणीच्या पेल्यात चहा ओतला. कुणी चहा ओतला की बोटं वाकवून टेबलावर टकटक करायची. तोंडात घास असला तरी आभार पोचतात. लहानपणापासूनची सवय, हात आपोआप पुढे जातो. फुंगयीने हात मांडीवरच ठेवला. लानने ते पाहिलं. किटली खाली ठेवून तिने उगाचच झाकण सरळ केलं.

"चिडलीस?"

"मी कशाला चिडू? तुझं चांगलं होतंय."

"तोंड बघ तुझं."

"काय झालंय तोंडाला?"

"काही नाही बाई. नेहमीसारखंच सुंदर आहे."

ते मात्र खरं होतं. फुंगयी चिनी मालाच्या मोठ्या दुकानात पावडर-लालीच्या काउंटरवर उभी राहायची, तीही आज-काल नव्हे, चांगली वीस वर्षं. चेहरा हीच तिची दुकानाची काच. कचरा टाकायला जिन्यापर्यंत गेली तरी ती ओठ रंगवून जायची. लांडग्याने गालांवर पंजा उमटवला, तर तिने त्यावर असा काही हात फिरवला होता की समोर बसलेल्या माणसाला थांगपत्ता लागू नये. आधी हिरवट छटेचं मलम, त्यावर त्वचेच्या रंगाचं, त्यावर मऊ पावडर. गिऱ्हाईक बायका तिला विचारायच्या, "ह्या वयात एवढा नितळ चेहरा कसा हो ठेवता?"

आणि लान? लान तोंड धुवायची तेसुद्धा माशांचं पाणी उडालं तर.

चहाघरातून घरी आल्यावर फुंगयी खुर्चीत बसली. उठून बूट काढायचंही तिच्या जिवावर आलं. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ती गोष्ट तज्ज्ञांची नव्हती, इस्पितळाचीही नव्हती. ती होती पाण्याच्या नळाची.

त्या वर्षी पाऊसच पडला नव्हता. सगळ्या शहराचं पाणी तोडलं होतं. चार दिवसांतून एकदा खाली रस्त्यावरच्या नळाला पाणी यायचं, आणि अख्खी वसाहत डबे, घमेली, जे मिळेल ते घेऊन रांगेत उभी राहायची. फुंगयी तेव्हा जेमतेम नऊ वर्षांची. दोन पत्र्याचे डबे पुढ्यात ठेवून ती सकाळपासून उन्हात उभी असायची. डोकं तापायचं, पाय भरून यायचे. डब्याला डबा लावून जागा धरायची, शेजारणीने कोपर घुसवलं तर आपणही घुसवायचं. नळ अगदी चार माणसांवर आला की वरून पाच वर्षांची लान फुटकं टमरेल हातात घेऊन यायची, नाक वाहतंय, एका पायात चप्पल आहे, एका पायात नाही. पुढच्या बायका म्हणायच्या, "अगं बाई, ही चिमुरडी बघा. भरू द्या गं तिला आधी!" आणि लान पुढे जायची. कुणी तिला उचलून नळाखाली धरायचं. ती टमरेल भरून, अर्धं अंगावर सांडत वर जायची. घरी आई सगळ्या शेजाऱ्यांना सांगायची, आमच्या लानने पाणी आणलं. मागाहून फुंगयी दोन डबे घेऊन जिने चढून यायची, तेव्हा आई म्हणायची, "एवढा वेळ?"

त्यानंतर जे जे झालं ते सगळं फुंगयीच्या लेखी त्याच नळावर झालं. सणाला कोंबडीची तंगडी लानला. सरकारी घराच्या यादीत लानचं नाव आधी लागलं, तेही खिडकीतून डोंगर दिसणाऱ्या घरासाठी. लानला नवरा मिळाला तो भाजी निवडणारा, बायकोला ताप आला तर कपाळावर हात ठेवणारा. फुंगयीने लग्नच केलं नाही. केलं असतं तर तिच्या वाट्याला कोण आला असता, हे तिला बघायचंच नव्हतं.

आणि आता लांडगाही. फुंगयी रांगेत आधी उभी राहिली होती. डबे तिने लावले होते.

तिला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की तिने काय कमी तयारी केली होती? सरकारी दवाखान्यात तपासणीला जाण्याआधी ती तीन दिवस झटत होती. कोहळा आणि जव उकळून त्याचं पाणी तिने घागरभर प्यायलं, अंगातली उष्णता उतरावी म्हणून. केस नीट बसवले, चेहरा नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त लावून केला, रेशमी रुमाल गळ्यात घातला. डॉक्टरसमोर माणसाने नीटनेटकं जावं. तो काय आपला नवरा आहे, कसंही बसायला? दवाखान्यातल्या डॉक्टरने तिच्याकडे बघून, लघवी तपासून, इस्पितळासाठी एक चिठ्ठी लिहून दिली. इस्पितळातल्या बाईंनी ती वाचली आणि पुढल्या वर्षाची तारीख मारली. लान कशी गेली असेल? बाजारातून उठून, तशीच.

त्या रात्री लानचा फोन आला. "कित सोमवारी नाहीये. तू येशील माझ्याबरोबर?"

"मला कुठे बोलावलंय?"

"म्हणूनच म्हणते, ये. फुकटात बघून घे आतून."

फुंगयीने दोनदा नाही म्हटलं आणि सुट्टीचा अर्ज टाकला.

सोमवारी तज्ज्ञांच्या विभागात बसायला जागा नव्हती. भिंतीवरच्या फळ्यावर नंबर बदलला की सगळ्या माना एकदम वर व्हायच्या. फुंगयी भिंतीला टेकून उभी होती आणि माणसं न्याहाळत होती. एका पोरीचं तोंड गोळ्यांनी चंद्रासारखं गोल झालं होतं. एका बाईची बोटं थंडीने निळी पडल्यासारखी. एका म्हातारीचे केस टाळू दिसेल इतके विरळ. आणि तरी फुंगयीला त्यांचा हेवाच वाटला. ह्या सगळ्या दाराच्या आतल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात नंबर होता.

"आत गेलीस की माझंही विचार," ती लानच्या कानाशी म्हणाली.

"तू येतेयस ना आत? तूच विचार."

"मी कशी विचारू? मी पेशंट नाहीये."

"मग मी तरी कशी विचारू? मी तू नाहीये."

डॉक्टरांचं नाव लुक. तरुण होते, डोळ्यांखाली काळं, टेबलावर कागदांचा ढीग. त्यांनी लानच्या पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेचना. रक्तदाब दोनदा घेतला. मग कागद वाचत वाचत बोलायला लागले. लघवीतून रक्त जातंय, प्रथिनं जातायत, लांडगा मूत्रपिंडापर्यंत पोचलेला दिसतो. इस्पितळात भरती व्हावं लागेल, सुईने मूत्रपिंडाचा एक बारीक तुकडा काढून बघावा लागेल, मग औषध ठरेल. लान मान हलवत होती. तिच्या हातातली पिशवी हळूहळू चुरगळत होती.

फुंगयीने ते सगळं ऐकलं. तिच्या छातीत धस्सही झालं. पण त्याच वेळी, त्याच छातीत, दुसरंही काहीतरी चाललं होतं. तिचं लक्ष डॉक्टरांच्या पेनाकडे होतं. किती लिहितायत! पानाच्या मागेसुद्धा लिहितायत. तिच्या वेळी दवाखान्यातल्या डॉक्टरने तीन ओळी लिहिल्या होत्या.

"घरात आणखी कुणाला आहे का हा आजार?" लुक डॉक्टरांनी विचारलं.

"हिला," लान म्हणाली. "माझ्या आधीपासून."

डॉक्टरांनी वर पाहिलं. फुंगयी आपोआप ताठ झाली, हनुवटी थोडी उजवीकडे वळवली, काउंटरवर वळवायची तशी.

"चेहऱ्यावर तर काही दिसत नाही."

"पावडर लावलीय," लान म्हणाली.

"आ-लान!"

"लावलीय ना?"

डॉक्टर हसले नाहीत. "मी आज तुम्हाला तपासू शकत नाही," ते म्हणाले. "बाहेर किती लोक आहेत ते बघितलंत ना. पण तब्येत बदलली असेल तर पुन्हा दवाखान्यात जा. चेहरा आहे तसा दाखवा. सकाळची पहिली लघवी द्या, आदल्या दिवशी उगाच भरमसाट काही पिऊ नका. नवीन चिठ्ठी आणलीत की आमच्या इथे पुन्हा बघतात, आणि गरज असेल तर तारीख अलीकडे येते."

"हिला लवकर मिळाली ती त्याच्यामुळे?" फुंगयीने विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

"त्याच्यामुळेच. दुसरं काय असणार?"

बाहेर आल्यावर दोघी पाण्याच्या मशीनजवळच्या बाकावर बसल्या. लान म्हणाली, "ताई, तू तपासणीच्या आधी काय प्यायली होतीस?"

"काही नाही. कोहळ्या-जवाचं पाणी."

"किती?"

"तीन दिवस. भांडंभर रोज. सकाळी निघतानाही प्यायले."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? लघवी स्वच्छ व्हावी म्हणून. असली गढूळ लघवी डॉक्टरच्या हातात द्यायची? माणसाला लाज असते की नाही?"

लान तिच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, आवाज न करता, इतकी की समोरची म्हातारी वळून बघायला लागली.

"अगं, नवीन वर्षाच्या आधी घर झाडतात तसं पोट झाडून गेलीस तू! झाडूवाली यायच्या आधीच घर झाडून ठेवलंस आणि वर विचारतेस, ती कचरा का नेत नाही म्हणून!"

"हस. हस तू. तू कशी गेली होतीस ते माहितीये मला."

"कशी गेले होते? गमबूट घालूनच गेले होते. तपासायला काढायला सांगितले तर निघेनात! पाय एवढे सुजलेले. दोन नर्सनी धरून ओढले. एक नर्स बूट हातात घेऊन मागच्या मागे बसली." लान डोळे पुसायला लागली. "सगळ्या खोलीत बोंबलाचा वास. आता अशा बाईला कोण म्हणणार, पुढल्या वर्षी या?"

फुंगयीला हसू येत नव्हतं. तिचे स्वतःचे बूट दोन नंबर मोठे होते. मार्च महिन्यातच घेतले होते. काउंटरवरच्या पोरींना तिने सांगितलं होतं, आता ढिल्या बुटांची फॅशन आहे.

गुरुवारी लान भरती झाली. शुक्रवारी तिच्या पाठीतून सुई घातली. शनिवारी संध्याकाळी भेटायच्या वेळेला फुंगयी थर्मासमध्ये मरळीचं सूप घेऊन गेली. कापलेलं-टोचलेलं भरून यायला मरळच लागते, हे कुणी सांगायची गरज नव्हती. वॉर्डात शिरताच तिने पाहिलं, लानची खाट खिडकीजवळ होती. अर्थात खिडकीजवळच असणार.

लानने घोट घेतला, ओठ मिटून क्षणभर थांबली. "ही मरळ कुठून घेतलीस?"

"का?"

"कालची आहे. माझ्या गाळ्यावरच्या आ-सामला सांगितलं असतंस तर त्याने जिवंत दिली असती."

"पी मुकाट्याने."

लान पीत राहिली. तिचा चेहरा पांढरा होता, डोळ्यांखाली फुगलेला. फुंगयी टेबलावरचे कप सरळ करत होती. बोटं वाकत नव्हती, म्हणून ती तळहातानेच ढकलत होती. लानचं लक्ष तिकडे गेलं. ती त्या हातांकडे बघत राहिली, आणि बहुधा तिला चहाघरातली टकटक आठवली, जी झालीच नव्हती.

"बोटं कधीपासून अशी आहेत?"

"अशी म्हणजे कशी?"

"ताई, दवाखान्यात गेलीस का पुन्हा?"

"जाईन."

"कधी?"

"वेळ मिळाला की. दुकानात सेल आहे. आणि तशा तोंडाने मी लिफ्टमध्ये कशी शिरू? सगळी इमारत ओळखते मला."

लानने वाडगा खाली ठेवला. खिडकीबाहेरच्या डोंगराकडे बघितलं. मग अगदी सहज, मासा तोलता तोलता बोलावं तसं म्हणाली, "लुक डॉक्टर आले होते सकाळी. म्हणाले, उद्यापासून मला ते औषध सुरू करणार."

"कुठलं ते?"

"ते गं. तिथलंच. तज्ज्ञांचं. सगळ्यांना देत नाहीत."

फुंगयीचा हात थांबला. "सगळ्यांना देत नाहीत म्हणजे?"

"निवडून देतात. मला म्हणाले, तुम्हाला देतो." लानने उशी मागे सरकवली. "बरोबर मोठे डॉक्टरही होते. त्यांचे सगळे विद्यार्थी होते. खाटेभोवती उभं राहायला जागा नव्हती. सगळे माझंच ऐकत होते. एकाने तर माझे पाय वहीत काढून घेतले."

"तुझे पाय?"

"हो. म्हणे, फार छान सूज आहे."

फुंगयी घरी आली ती तोंड आवळून. रात्री तिने स्वयंपाकघरात जवाचा डबा पाहिला, आणि तो वरच्या फळीवर, अगदी मागे, सणाच्या मेणबत्त्यांच्या पलीकडे ढकलून दिला.

सोमवारी सकाळी तिने तोंड धुतलं आणि ती आरशासमोर उभी राहिली. मलम हातात होतं. गालांवर लाली पसरलेली, नाकाच्या दांड्यावरून एका गालावरून दुसऱ्या गालावर, फुलपाखरू बसल्यासारखी. किती दिवसांनी ती इतक्या उजेडात बघत होती. हात सवयीने वर गेला. मग तिला ते विद्यार्थी दिसले, खाटेभोवती दाटीवाटीने उभे असलेले. वहीत पाय काढणारा तो मुलगा दिसला. तिने मलम खाली ठेवलं.

लिफ्टमध्ये मोतीबिंदूवाली म्हातारी होती. तिचं एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. तिने मान पुढे काढून पाहिलं. "कोण? फुंगयी का गं? अगंबाई, हे काय झालं तोंडाला?"

"लांडगा आहे," फुंगयी म्हणाली.

"होय?" म्हातारी म्हणाली. "मला वाटलं, नवीन लाली आहे."

तळमजल्यावर पेपरवाल्याने पाहिलं, फुलवालीने पाहिलं. फुंगयी त्यांच्या समोरून गेली, उन्हातून, छत्री उघडून. दवाखान्यात तेच डॉक्टर होते. त्यांनी आधी नाव वाचलं, मग चेहरा पाहिला, मग पुन्हा नाव वाचलं. तिने बूट काढले. पहाटेची लघवी तिने डबीत आणली होती, उभट पेल्यातल्या कडक चहासारखी गडद, वर फेस. ती डबी टेबलावर ठेवताना तिला शरम वाटली आणि त्याचबरोबर एक प्रकारचा अभिमानही वाटला. ह्यावेळी डॉक्टर पानाच्या मागेसुद्धा लिहीत गेले.

इस्पितळातल्या बाईंनी चिठ्ठी वाचली, आत कुणाला तरी दाखवून आल्या आणि तारीख दिली. फुंगयीने ती तिथेच उभं राहून वाचली. फ्रिजवरची तारीख होती पुढल्या वर्षीची. ही होती पुढल्याच आठवड्यातली. तिने बोटांवर मोजलं. लानला आठ दिवस लागले होते. तिला स्वतःला सात.

ती खाली येऊन बाकावर बसली आणि मग मात्र तिने पुन्हा मोजून पाहिलं. सात दिवस म्हणजे काय, ते तिला आता माहीत होतं. लुक डॉक्टरांनी सांगितलंच होतं. बराच वेळ ती तशीच बसून राहिली, चिठ्ठी दोन्ही तळहातांत धरून.

तारखेच्या दिवशी लानही आली होती. घरी सोडल्यानंतरची तिची पहिली तपासणी त्याच सकाळी होती. गोळ्यांनी तिचा चेहरा आताच गोल व्हायला लागला होता. फुंगयी पावडरीशिवाय आली होती. दोघी शेजारी शेजारी बसल्या तेव्हा कुणाला बहिणी वाटल्या नसत्या.

"माझा नंबर तुझ्या आधी आहे," फुंगयी म्हणाली.

"बघू? असं कसं? मी तुझ्याआधी येऊन बसलेय. सकाळपासून पेजसुद्धा नाही घेतली."

"नवीन पेशंटला आधी घेतात. गंभीर असेल तर."

"तू गंभीर?"

"तुझ्यापेक्षा. मला सात दिवसांत बोलावलं."

लान तिच्याकडे बघत राहिली. "मग काय बाई," ती हळूच म्हणाली, "तू थोरलीच."

नर्सने प्लॅस्टिकचा पेला दिला. फुंगयी स्वच्छतागृहात जाऊन आली. पेला काठोकाठ भरला होता आणि तिला बोटांनी नीट धरता येत नव्हता, म्हणून तिने तो दोन्ही तळहातांत घेतला. मग त्या गर्दीतून, लोकांचे पाय, पिशव्या, छत्र्या चुकवत, एकही थेंब न सांडता ती चालत आली. पूर्वी दोन डबे घेऊन जिने चढायची, तशी. फळ्यावर तिचा नंबर लागला. लोकांनी पाय आवरून तिला वाट दिली. दारापाशी तिने मागे वळून पाहिलं. लान बाकावर बसली होती, रिकाम्या हातांनी, रांगेत.

आत बराच वेळ गेला. लुक डॉक्टरांनी घोटे दाबले, बोटं एकेक करून वाकवून पाहिली, गालांवरून नजर फिरवली. तिलाही भरती व्हायचं होतं, उद्याच. तिच्याही पाठीत सुई जाणार होती. "वेळेवर आलात," ते म्हणाले. "पुढल्या वर्षी आला असतात तर मूत्रपिंडात वाचवण्यासारखं फार उरलं नसतं." फुंगयीने घसा खाकरला. तिला एकच गोष्ट विचारायची होती.

"ते औषध मलाही मिळेल ना? बहिणीला दिलंत ते. निवडून देता ते."

"निवडून?" डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "साधी स्टेरॉइडची गोळी आहे हो ती. सगळ्यांनाच देतो आम्ही. पहिली गोळी तीच."

ती बाहेर आली. लान तिचीच वाट बघत होती. "किती वेळ ठेवलं तुला!" ती फणकाऱ्याने म्हणाली. "मला एवढा वेळ नव्हतं ठेवलं. काय करत होतात आत?"

"तू म्हणाली होतीस, सगळ्यांना देत नाहीत."

"काय?"

"ते औषध."

"नाहीच देत," लान म्हणाली. "धडधाकट माणसाला कुठे देतात?"

फुंगयी तिच्यासमोर उभी राहिली. तिला रागवायचं होतं, आणि राग येतही होता. मग ती शेजारी बसली. लानने पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतून तिच्यासमोर धरला. बाकाला टेबल नव्हतं. फुंगयीने कसंबसं एक बोट वाकवलं आणि लानच्या गुडघ्यावर दोनदा टकटक केलं.

"जोरात लागलं का?" तिने विचारलं.

"काही कळलंसुद्धा नाही."

"उद्या मलाही भरती व्हायचंय. कुठली खाट देतायत, विचारशील?"

"तुलाही खिडकीजवळचीच पाहिजे असेल."

"तुझी होती तीच दे म्हणावं," फुंगयी म्हणाली. "डोंगर दिसतो तिथून."